ग्वोगूफचा पिंजरा

१

दुर्गेश वैरागडे बसल्या जागी मेला होता. त्या पिंजऱ्यात दुसऱ्या कुठल्या रीतीने मरायची सोयच नव्हती. उभं राहावं तर वरच्या लोखंडी पट्ट्या मानेवर यायच्या, आडवं व्हावं तर गुडघे छातीत घुसायचे.

प्रताप नगरातल्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाचा तो वरचा हॉल. डोक्यावर टिनाचं छप्पर आणि मे महिन्याचं ऊन. शनिवारची तालीम संपल्यावर हॉलला बाहेरून कडी लागली. सोमवारी सकाळी ती काढली, तेव्हा वास जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत पोहोचला होता.

पोलीस निरीक्षक रोशनी गजभिये नाकाला रुमाल लावून पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली. दुर्गेश म्हणजे संत्र्यांचा मोठा व्यापारी. काटोलला बागा, नागपुरात बंगला, आणि नाटकाचा शौक. नाटकातला मखमली झगा त्याने अंगावरून काढून टाकला होता. त्याचा काठ चघळून चघळून चामड्यासारखा कडक झाला होता. बोटांची नखं उलटली होती. पिंजऱ्याच्या दाराला लोंबत होतं ते नाटकातलं खोटं कुलूप नव्हतं. जुनं, जड, पितळी कुलूप होतं.

"उन्हानं अन् तहानेनं गेला," हवालदार नत्थूजी म्हणाले. "अन् पाणी पाहा मॅडम, कुठं हाय."

भिंतीशी मोठा कूलर उभा होता. त्याची टाकी काठोकाठ भरलेली होती. पाणी कोमट झालं होतं आणि वाळ्याच्या ताट्या कोरड्या खडखडीत होत्या. बटण दाराजवळच्या भिंतीवर होतं, बंद. पिंजऱ्यातून कितीही हात लांब केला तरी तिथं पोहोचत नव्हता.

रोशनीला आणखी एक गोष्ट दिसली. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर मुंग्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेत वाळलेली चार शितं होती. मेलेल्याच्या बोटांचे ओरखडे फरशीवर त्या शितांच्या अलीकडे संपले होते.

कुलपाची किल्ली शोधायला वेळ लागला नाही. खुंट्यांवर पात्रांचे पोशाख टांगले होते आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी होती. एका तपकिरी अंगरख्याच्या कमरेच्या चामडी पिशवीत हात घालताच किल्ली हाताला लागली.

नत्थूजींनी चिठ्ठी वाचली. "लुतको. हा कोण होय जी?"

२

"लुतको हा फितूर आहे," संघपाल रामटेके म्हणाला.

तो नाटकाचा लेखक आणि दिग्दर्शक. कॉलेजात इतिहास शिकवायचा, तरुणपणी शिष्यवृत्तीवर पोलंडमध्ये राहून आला होता. खालच्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला होता.

"तेराव्या शतकाचा शेवट. पोलंड तेव्हा एकसंध राज्य नव्हतं. एकाच घराण्यातल्या भावांनी आणि पुतण्यांनी वाटून घेतलेली छोटी छोटी संस्थानं होती आणि प्रत्येकाचा एक ड्यूक. लेग्नित्सा आणि व्रोत्सवाफ ज्याच्याकडे होतं तो हेन्रिक. अंगाने अवाढव्य, म्हणून लोक त्याला जाड्या म्हणत. ग्वोगूफचा ड्यूक त्याचा चुलतभाऊ, त्याचंही नाव हेन्रिक. दोघांचं जमिनीवरून वैर."

"आणि लुतको?"

"लुतकोच्या बापाला जाड्या हेन्रिकने मृत्युदंड दिला होता. पण मुलाला मात्र दरबारात ठेवून घेतलं. आपण किती मोठ्या मनाचे हे त्याला दाखवायचं असेल. लुतको वाट बघत राहिला. मग एक दिवस ड्यूक अंघोळीला बसलेला असताना त्याने त्याला उचललं आणि ग्वोगूफवाल्याच्या हवाली केलं. या चुलतभावाने त्याच्यासाठी लोखंडी पिंजरा करून घेतला होता. धड बसता येऊ नये, धड झोपता येऊ नये, असा. सहा महिने ठेवला त्यात. अंगाला किडे पडले असं बखरकार लिहितात. शेवटी मुलूख लिहून दिला तेव्हा सुटला, पण त्यातून तो उठला नाही. दोन-तीन वर्षांत मेला."

"दुर्गेशजी तो जाड्या हेन्रिक करत होते."

"हो. नाटकाचा सगळा खर्च त्यांचा, मग प्रमुख भूमिकाही त्यांचीच. त्यांची भाषा घासून घासून शुद्ध करावी लागली मला. पण त्यांनाही तेच हवं होतं. घराबाहेर तोंडून वऱ्हाडी शब्द निघाला तर त्यांना लाज वाटायची. नोकरांशीसुद्धा पुस्तकी बोलायचे."

"शनिवारी तुम्ही निघालात तेव्हा ते कुठे होते?"

"बाहेर. कूलरसमोर खुर्चीत." हे सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

दुर्गेशची मुलगी उन्नती बंगल्यावर भेटली. तिशीची, बारीक अंगाची. नाटकाचे पोशाख आणि सामान ती बघायची. आई लहानपणीच गेलेली, लग्न झालेलं नाही. तिने पोलिसांना स्वतः पाणी आणून दिलं. शनिवारी ती सगळ्यांच्या आधी निघाली होती. रविवारी दिवसभर घरीच होती. बाबा दर रविवारी काटोलला बागेवर जातात, म्हणून शोध घेतला नाही. ती रडली नाही, पण न रडणारी माणसं रोशनीने पुष्कळ पाहिली होती.

जाता जाता रोशनीने विचारलं, "लुतकोचं काम कोण करतं?"

"अंकुश," उन्नती म्हणाली. "आज सकाळी तुम्हाला फोन केला तो."

३

अंकुश सीताबर्डीला व्हरायटी चौकात मोबाइलच्या कव्हरांची गाडी लावायचा आणि दुर्गेशच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायचा. वय सव्वीस-सत्तावीस. ठाण्यात बसवल्यापासून त्याने एकदाही मान वर केली नव्हती.

"तुझे वडील शालिकराम," रोशनी म्हणाली. "दुर्गेशजींच्या गोदामावर होते ना?"

"हो. काटोलले."

"काय झालं होतं?"

"तुमाले माहीत असंल."

"तू सांग."

"गोदामाले आग लागली. मालक म्हणे, तूच लावली. तोंडाले काळं फासलं अन् भर बाजारात फिरवलं. मले खांद्यावर बसवलं होतं मालकानं, बापाले पाह्यासाठी. घरी येऊन बापानं फाशी घेतली. मंग समजलं का वायरिंगनं लागली होती आग. मंग मालक मले घेऊन आले इकडे. सगळ्याईले सांगत, याच्या बापानं माझं नुकसान केलं, तरी मी याला पोसतो."

"लुतकोची भूमिका तुला कोणी दिली?"

"सरांनी मालकाले गोष्ट वाचून दाखवली, तवा मालक हासले. म्हणे, मग लुतको आपला अंकुशच शोभेल."

संघपालने हे आधीच कबूल केलं होतं. त्याला विचारलं, "मग तुम्ही ‘नको’ का म्हणाला नाहीत?" तर त्याने खाली बघत उत्तर दिलं होतं, "मला बघायचं होतं काय होतं ते."

"शनिवारी मालक कुठे होते?" रोशनीने विचारलं.

"कूलरपाशी. बाहेर." त्यानेही संघपालचेच शब्द वापरले आणि त्यानेही नजर जमिनीवरून हलवली नाही.

किल्ली त्याच्या पिशवीत होती. प्रेत त्यालाच पहिल्यांदा दिसलं होतं. सुडाचं कारण त्याच्याइतकं कोणाकडेच नव्हतं. संध्याकाळी अंकुशला ताब्यात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याच्या बापाचीसुद्धा सगळी हकिगत छापून आली. दुपारच्या एस. टी.ने त्याची आई पार्वतीबाई काटोलहून आली आणि ठाण्याच्या बाहेर झाडाखाली बसून राहिली. तिने काही मागितलं नाही, कोणाला काही विचारलंही नाही.

रोशनीला मात्र चैन पडेना. सूड घेणारा माणूस किल्ली स्वतःच्या अंगरख्यात का ठेवेल? आणि शितं कोणाची?

"नत्थूजी," ती म्हणाली, "आपल्या घरचा कूलर रात्रभर चालला तर टाकीत किती पाणी उरतं?"

"उरते कुठं? सकाळी सकाळी पाइप लावा लागते."

रोशनी उठली. "दोघांनाही एकत्र आणा. सरांना आणि अंकुशला."

४

"तुम्ही दोघं एकच खोटं बोलताय," रोशनी म्हणाली. "ठरवून बोलताय. दुर्गेशजी कूलरसमोर बसले असते तर टाकी अशी काठोकाठ राहिली नसती. ते बाहेर नव्हते."

संघपाल आधी फुटला.

"त्यांनीच सांगितलं," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, तुमच्या ओरडण्यात खरेपणा येत नाही, तुम्हाला कोंडलं जाणं म्हणजे काय ते माहीतच नाही. ते चिडले. म्हणाले, लावा खरं कुलूप, तासभर बसून दाखवतो. कुलूप उन्नतीने आणलं होतं. खरं, जुनं कुलूप हवं असं त्यांनीच आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं. अंकुशने लावलं. आणि आम्ही निघालो."

"किल्ली?"

"उन्नतीताईच्या हातात देली," अंकुश म्हणाला. "मालकच म्हणे, हिला दे, तासाभराने ही उघडेल. ताई घरी गेल्यावर मी फोन केला, तर म्हणे, झोपले बाबा जेवून."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"माह्या हातानं कुलूप लागलं होतं मॅडम. कोणी आयकलं असतं माहं?"

रोशनी संघपालकडे वळली. "तुम्ही पाहिलंत, याने किल्ली तिला दिली ते?"

"नाही. मी खाली स्कूटर काढत होतो. हा लगेच आलाच माझ्यामागे."

"तेव्हा कूलर चालू होता?"

"हो. खालपर्यंत घरघर ऐकू येत होती. अंकुशनेच टाकी भरली होती. आम्ही दोघं एकाच स्कूटरवर बर्डीपर्यंत गेलो. उन्नतीची गाडी खाली उभी होती."

म्हणजे उन्नती आधी निघाली नव्हती.

पुन्हा बोलावल्यावर ती गडबडली नाही. "भीतीने खोटं बोलले," ती म्हणाली. "पण किल्ली माझ्याकडे नव्हती. अंकुशने ती त्याच्या पिशवीत टाकताना मी पाहिलं. मला वाटलं, हे दोघं चहा घेऊन परत येतील आणि उघडतील. म्हणून मी घरी गेले."

"अंकुशचा फोन आला होता तुम्हाला."

"आला होता. सोमवारी कुठला पोशाख घालायचा ते विचारायला."

त्याच्या शब्दासमोर तिचा शब्द. कोर्टात ती व्यापाऱ्याची सुशिक्षित मुलगी असणार होती, आणि तो शालिकरामचा पोरगा.

पण कूलर कोणाची बाजू घेत नव्हता. दोघं पुरुष निघाले तेव्हा तो चालू होता. टाकी भरलेलीच राहिली, म्हणजे ते गेल्यावर लगेच कोणीतरी तो बंद केला. विसरभोळा माणूस पिंजरा उघडायचं विसरेल. मे महिन्यात, टिनाखाली, आत माणूस कोंडलेला असताना जाता जाता कूलरचं बटण बंद करणारा काही विसरलेला नसतो.

एवढ्यावर मात्र कोणाला खुनी ठरवता येणार नव्हतं. जाताना दिवा-पंखा बंद करायची सवय, असं कुठलाही वकील म्हणाला असता.

५

हॉलच्या खिडकीला लागून शेजारच्या इमारतीतली एक गॅलरी होती. तिथं इंदुताई राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, मुलाच्या नोकरीमुळे नागपुरात आलेल्या.

"ऐकलं ना," त्या म्हणाल्या. "रोजच ऐकतो. मार्चमध्ये मी पोलिसांना फोन करणार होते, तर ते सर संत्रा बर्फी घेऊन आले आणि म्हणाले, आजी, नाटक आहे, कितीही ओरडला तरी घाबरू नका. मग मी लक्ष देणं सोडलं."

"शनिवारी काय ओरडत होते?"

"तेच नेहमीचं. ‘मी ड्यूक आहे, तुम्हाला याचा जाब द्यावा लागेल, मला क्षमा करा, मला पाणी द्या.’ उशिरापर्यंत चाललं होतं. आमच्या सूनबाई म्हणाल्या, आज चांगलं काम करतोय."

त्यांना बोलताना स्वतःचीच शिसारी आली असावी. रोशनी उठली.

"रविवारी सकाळचं नाटक मात्र वेगळं होतं," इंदुताई मागून म्हणाल्या. "तुमच्या इकडच्या भाषेतलं."

रोशनी परत बसली. "कसं? जसं ऐकलं तसंच सांगा."

"मला तुमच्यासारखं जमायचं नाही. ‘उघड वं माय, उघड. पाया पडतो तुह्या.’ मग पुन्हा, ‘पाणी दे वं माय.’ बराच वेळ. मी..." त्यांनी डोळे मिटले. "मी जेवताना मुलांना नक्कल करून दाखवली. सगळे हसले."

जिना उतरताना नत्थूजी म्हणाले, "मॅडम, माय वं तर कोणीही म्हणते. दुखलं खुपलं का तोंडातून निंघतेच."

"दुखलं की माणूस ‘माय वं’ म्हणतो. ‘उघड वं माय’ म्हणत नाही. उघड म्हणायला समोर कोणी उभं असावं लागतं, आणि वं म्हणायला ती बाई असावी लागते. पुरुष असता तर ‘उघड गा’ म्हणाला असता."

"हो जी. पण बाई तर कोणीही..."

"परक्या बाईशी तो पुस्तकी बोलला असता. ही त्याची घरातली भाषा आहे. माझे वडील अजून फोनवर मला विचारतात, जेवली का वं माय. तुम्ही तुमच्या पोरीला काय म्हणता?"

नत्थूजी खालच्या पायरीवर थांबले. "माय म्हणतो," ते म्हणाले.

६

बंगल्यावर उन्नती नव्हती. दुर्गेशच्या अस्थी घेऊन नातेवाइकांसोबत गेली होती. स्वयंपाकघरात कांताबाई एकटीच होती, पंचवीस वर्षांपासून त्या घरात राबणारी.

"रविवारी ताई घरीच होत्या ना?" रोशनीने विचारलं.

"होती. म्हणजे सकाळी गेली होती जराशी. मैत्रिणीकडे. डबा नेला होता."

"डब्यात काय होतं?"

"दहीभात. मी म्हनलं, सायबाले आवडते तसा केला हाय, सायब काटोलले गेले, मंग तूच खा."

"परत आली तेव्हा डबा?"

"रिकामा." कांताबाईने हातातली वाटी खाली ठेवली. तिला कळत होतं की आपण काहीतरी बोलून गेलो, पण काय ते कळत नव्हतं.

रोशनीने घर पाहायला मागितलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक टिनाची खोली होती. बंगल्यातल्या सगळ्या दारांना कड्या आतून होत्या. या एका दाराला बाहेरून होती, आणि त्या कडीखालचा दाराचा रंग कुलूप आपटून आपटून गोल उडाला होता. कुलूप मात्र नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, लाकडात खोल ओरखडे होते.

"इथं कोण राहायचं?"

कांताबाई जिन्यातच उभी राहिली होती. वर आली नाही.

"ताईची आई," ती म्हणाली. "दुसरं लेकरू पोटात मेलं, तवापासून तिचं डोस्कं थाऱ्यावर नव्हतं. एक रोज अनवाणी बाजारात गेली. सायबाले लाज वाटली. मंग इथं ठेवली."

"किती दिवस?"

"दिवस नाही बाई. वर्षं. किल्ली सायबाजवळ राहे. ताई लहान होती, ताट घेऊन ताईच जाये वर. अशाच उन्हाळ्यात आई गेली बिचारी. कूलर नव्हता, पंखा नव्हता."

"आणि तुम्ही?"

"मी सैपाक करो," कांताबाई म्हणाली.

७

उन्नतीसमोर रोशनीने पितळी कुलूप ठेवलं.

"हे गच्चीवरच्या दाराचं आहे. शनिवारी ते दोघं गेल्यावर तुम्ही कूलर बंद केला. रविवारी सकाळी दहीभाताचा डबा घेऊन परत गेलात. शितं फरशीवर सांडली. तुमचे वडील तुम्हाला ‘उघड वं माय’ म्हणत होते, ते शेजारणीने ऐकलं. जाताना किल्ली अंकुशच्या पिशवीत टाकलीत."

उन्नतीने कुलपाला हात लावला नाही.

"आई हेच म्हणायची," ती म्हणाली. "रोज. दाराच्या पलीकडून. उघड वं माय. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझ्याकडे किल्ली नसायची."

"या वेळी होती."

"हो."

"डबा त्यांच्यासाठी नेला होता?"

"बाबांचा नियम होता. आई गप्प बसली की ताट आत सरकवायचं, ओरडली तर परत न्यायचं. मी कितीतरी वेळा परत नेलंय. मी बाबांनाही तेच सांगितलं, गप्प बसा मग देते. ते गप्प बसेनात. मग मी समोर बसून खाल्लं."

नत्थूजींनी तोंड फिरवलं.

"त्यांनी माफी मागितली का?"

"शनिवारीच. लगेच. पण ती नाटकातली वाक्यं होती, सरांनी लिहिलेली. शुद्ध. रविवारी मात्र त्यांची खरी भाषा आली." तिचा आवाज स्थिर होता. "आधीपासून काही ठरवलं नव्हतं मी. ते म्हणाले, जुनं खरं कुलूप आण, तेव्हा मला वाटलं, हेच नेते, बघू काय म्हणतात ते. त्यांनी हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. म्हणाले, छान आहे, कुठून मिळवलंस? इतकी वर्षं त्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती. त्यांना ओळखूसुद्धा आलं नाही."

"ओळखलं असतं तर?"

"तासाभराने उघडलं असतं," उन्नती म्हणाली.

रोशनीने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "अंकुशला का गोवलंत? त्याने तुमचं काय बिघडवलं होतं?"

"काहीच नाही. तो मला ताई म्हणतो. पण लोक आधी त्याच्याकडेच बघणार होते, मी किल्ली कुठेही ठेवली असती तरी. बाबांनी त्याला त्यासाठीच तयार करून ठेवला होता."

ती हे इतक्या सहज म्हणाली की त्या क्षणी ती दुर्गेशचीच मुलगी आहे हे रोशनीला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

८

अंकुशला सोडायचे कागद तयार होईपर्यंत दुपार टळली. रोशनी स्वतः बाहेर आली. पार्वतीबाई अजून झाडाखालीच होती. तिच्याजवळ काटोलहून आलेले दोन-तीन म्हातारे बसले होते आणि त्यांच्यापैकी एकाने आपला गमछा जमिनीवर पसरून तिला त्यावर बसवलं होतं. कोणीतरी तिच्यासाठी चहा आणला होता. रोशनीला नंतर कळलं की अंकुशला धरल्याची बातमी पोहोचल्यापासून ती गाडीत बसेपर्यंत काटोलच्या बाजारात माणसं तिला थांबवून रामराम घालत होती. जिचा नवरा त्याच बाजारातून काळ्या तोंडाने फिरवला गेला, तिला वीस वर्षांत कोणी असं थांबवलं नव्हतं.

"मावशी," रोशनी म्हणाली, "तुमचा मुलगा सुटला. त्यानं काही केलं नाही."

पार्वतीबाईने तिच्याकडे पाहिलं. "नाही केलं?"

"नाही. दुर्गेशजींच्याच मुलीनं केलं. अंकुशचा यात काही हात नाही."

"म्हणजे त्यानं नाही मारलं त्याले."

"नाही मावशी."

म्हाताऱ्यांपैकी एक जण खाकरला. ज्याचा गमछा होता तो उठून उभा राहिला, मग पार्वतीबाईही उठली, आणि त्याने गमछा झटकून खांद्यावर टाकला.

अंकुश ठाण्याच्या दारातून बाहेर आला. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती, चप्पल कुठेतरी हरवली होती. तो आईसमोर येऊन उभा राहिला आणि वाकून तिच्या पाया पडला.

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पदर सारखा केला, पिशवी उचलली.

"चाल," ती म्हणाली. "पाचची गाडी भेटंल."

आणि ती पुढे चालू लागली. तापलेल्या डांबरावर अनवाणी पोरगा तिच्या मागून जात होता. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.